उत्क्रांतीचे पुरावे स्वतः कसे तपासायचे: मनगट, नळीचं हाड आणि एक फुकटची वेबसाइट

फॅमिली ग्रुपवर उत्क्रांतीचा विषय निघाला की दोन मेसेज हमखास येतात, एक म्हणजे "माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून कशी काय आहेत" आणि दुसरा "ही नुसती थिअरी आहे, सिद्ध कुठे झालीय". मग उत्तर द्यायला जो पुढे येतो तो बऱ्याचदा ते वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतचं रांगेचं चित्र टाकतो आणि ते चित्रच मुळात चुकीचं आहे, त्यामुळे गोंधळ अजून वाढतो. मला मनापासून वाटतं की हा विषय वाद घालून समजावायचा नाहीये, हातात हाड घेऊन समजावायचा आहे. स्टेट बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती आहे, पण एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून 2023 मध्ये उत्क्रांती गेली, बारावी बायोलॉजीत राहिली, म्हणजे ज्या पोरांनी पुढे बायोलॉजी घेतलं नाही त्यांच्या समोर हे कधी येणारच नाही. म्हणून घरी काय काय करता येतं ते सविस्तर लिहितोय, आठवी-नववीच्या मुलांपासून आजीआजोबांपर्यंत कुणालाही जमेल.

सुरू करायच्या आधी एक सवय लावून घ्या. प्रत्येक पुराव्यापाशी थांबून विचारायचं: हे चुकू शकलं असतं का? म्हणजे उत्क्रांती खोटी असती तर इथे वेगळं काही दिसलं असतं का? उत्तर "हो, वेगळं दिसलं असतं" असं असेल तरच तो पुरावा धरायचा, नाहीतर ती नुसती गोष्ट झाली. दशावताराचा फॉरवर्ड येतो ना, मत्स्य मग कूर्म मग वराह, म्हणजे आपल्या पूर्वजांना उत्क्रांती माहीत होती, तो ह्याच ठिकाणी अडतो. कथा म्हणून दशावतार मला लहानपणापासून आवडतात, पण त्यावरून पुढे कुठल्या खडकात काय सापडेल हे कुणाला सांगता येत नाही, आणि तो क्रम एका रेषेत जातो, खरी उत्क्रांती झाडासारखी फुटत जाते.

आता स्वतःच्या शरीरापासून सुरू करा, खर्च शून्य. हात टेबलावर उताणा ठेवा, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं वर उचला. मनगटाच्या मधोमध दोरीसारखा एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, वर आलेला दिसेल, किंवा दिसणारच नाही. तो पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूचा आहे आणि बऱ्याच माणसांमध्ये तो जन्मतःच नसतो, कुणाला एकाच हातात असतो, आणि नसला तरी पकड वगैरे काही कमी होत नाही, म्हणून तर सर्जन लोक दुसरीकडचा तुटलेला टेंडन जोडायला तोच काढून वापरतात. घरातल्या सगळ्यांचे हात बघा, मुलांना हे प्रचंड आवडतं. मग आरशात डोळ्याचा आतला कोपरा बघा, तिथे एक गुलाबी घडी आहे, आणि कोंबडीच्या किंवा झोपाळलेल्या मांजराच्या डोळ्यावरून जी पांढरट तिसरी पापणी आडवी सरकते ती त्याच जागी असते. थंडीत अंगावर काटा येतो तेव्हा प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू आवळला जातो, मांजराचं त्याने अंग फुगतं आणि ऊब टिकते, आपल्याला तेवढे केसच राहिले नाहीत तरी स्नायू आपलं काम करतोच.

पण इथे एक गोष्ट नीट सांगा. अशा उरलेल्या रचनांना अवशेषी अवयव म्हणतात, पण अवशेषी म्हणजे निरुपयोगी नव्हे. अपेंडिक्सबद्दल "काही कामाचं नाही" असं बिनधास्त लिहिलं जातं, तर त्यात रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित पेशी भरपूर असतात आणि समोरचा माणूस तेवढं एक धरून तुमचं सगळं म्हणणं उडवून लावतो. मुद्दा एवढाच की जुन्या कामासाठीची रचना काम बदललं किंवा कमी झालं तरी शरीरात शिल्लक राहते. शरीरातल्या ह्या खुणा सुरुवात म्हणून चांगल्या, पण सगळी भिस्त ह्यांच्यावर ठेवू नका.

मंडईतून कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि मिळाली तर ब्रोकोली आणा आणि चारही ओळीने मांडा. ह्या चारही एकाच जातीच्या, ब्रासिका ओलेरासिया, युरोपच्या समुद्रकाठी वाढणाऱ्या एका रानटी झाडापासून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी निवडत निवडत केलेल्या. कोबीत पानांचा शेंडा फुगवला, नवलकोलात खोड फुगवलं, फ्लॉवरमध्ये न उमललेला फुलोरा. शेतात काढायचा राहून गेलेला फ्लॉवर कधी बघितला असेल तर त्याला मोहरीसारखी पिवळी चार पाकळ्यांची फुलं येतात, कोबीलाही तशीच येतात. ह्यातून काय कळतं तर निवड सतत होत राहिली की रूप किती बदलू शकतं. ह्यातून सगळे सजीव एका पूर्वजाचे आहेत हे मात्र कळत नाही, ते पुढे.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. चिकनवाल्याकडून टोकासकट अख्खा पंख मागा, तो सवयीने टोक तोडून टाकतो म्हणून आधीच सांगा. कुकरला मऊ शिजवा, मसाला नको, आणि मांस सोडवत हाडं जागच्या जागी मांडत जा. खांद्याकडे एक हाड, त्याच्या पुढे दोन हाडं शेजारी शेजारी, मग मनगटाची छोटी हाडं, मग बोटं, त्यातली बरीचशी एकमेकांना चिकटून गेलेली आणि वरच्या बाजूला अंगठ्यासारखं एक छोटं टोक वेगळं. आता आपला दंड चाचपा, एक हाड. कोपराच्या पुढे दोन, मनगट फिरवून बघा म्हणजे जाणवतील. वटवाघळाच्या पंखात तेच, देवमाशाच्या वल्ह्यात तेच. शाकाहारी घरात सांगाड्यांचे फोटो काढून कागदावर हाडं रंगवा, एका हाडाला एक रंग, काम तितकंच छान होतं. आणि इथे आपला प्रश्न विचारा. उडायचं यंत्र कोऱ्या कागदावर आखायचं असतं तर पक्षी आणि वटवाघूळ ह्यांना एकच योजना वापरायची सोय होती, पण पक्षी चिकटलेल्या बोटांवर पिसं लावून उडतो आणि वटवाघूळ लांबलांब बोटांमध्ये कातडी ताणून उडतं, सुरुवातीचा माल एकच आणि उपाय वेगळे. पिसं असलेलं वटवाघूळ एकदा जरी सापडलं असतं तरी मोठी पंचाईत झाली असती. सापडलेलं नाही.

ह्याच्या पुढची पायरी मटणाच्या दुकानात आहे. बकऱ्याच्या मागच्या पायाची नळी आणि पाया न तोडता एकत्र द्या, मधला सांधा अख्खा हवा, असं सांगा. मागे वाकलेला तो सांधा लोकांना उलटा गुडघा वाटतो पण तो बकऱ्याचा घोटा आहे. भरपूर शिजवून सगळं सुटं करा, त्यात साधारण अंगठ्याच्या पेराएवढं एक हाड मिळेल, ॲस्ट्रॅगॅलस. धुवून वाळवा आणि दोन्ही टोकं नीट बघा. वरच्या टोकाला कप्पीसारखी खाच आहे आणि खालच्या टोकालाही आहे. ही दोन्हीकडे कप्पी असलेली रचना गाय, बकरी, डुक्कर, हरीण, उंट, पाणघोडा ह्या सम खुरवाल्या गटात असते. घोड्यात फक्त वरच्या टोकाला, कुत्र्यात तसं नाही. हे हाड हातात धरूनच पुढचं ऐका.

देवमासा सस्तन प्राणी आहे हे जुनं ज्ञान, पण तो कुठल्या जमिनीवरच्या प्राण्यांतून आला ह्यावर खूप वर्षं एकमत नव्हतं. दातांच्या आकारावरून बऱ्याच जीवाश्म तज्ज्ञांना वाटायचं की मेसोनिकिड नावाच्या, खूर असलेल्या पण मांस खाणाऱ्या, नामशेष प्राण्यांतून. मग 1990 च्या दशकात डीएनएवाले मधे आले आणि म्हणाले तसं नाही, देवमासे सम खुरवाल्यांच्या कुटुंबातच बसतात आणि आज जिवंत असलेल्यांत त्यांचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे. जपानमध्ये नोरिहिरो ओकादांच्या गटाने 1997 आणि 1999 मध्ये ह्यावर महत्त्वाचं काम केलं. हाडं बघणाऱ्यांना ते पटेना. पण म्हणणं स्पष्ट होतं ना, हे खरं असेल तर पाय असलेल्या प्राचीन देवमाशाचा घोटा सापडला की त्यात दोन कप्प्या असायला हव्यात. 2001 मध्ये पाकिस्तानातून घोट्यांसकट जीवाश्म आले, फिलिप जिंजरिच ह्यांच्या टीमला बलुचिस्तानात आणि हान्स थेविसन ह्यांच्या टीमला पंजाबच्या टेकड्यांत, दोन्ही वेगवेगळे, आणि दोन्हींत घोट्याच्या हाडाला दोन्हीकडे कप्पी. जिंजरिच स्वतः आधी मेसोनिकिडच्या बाजूचे होते, हाड बघून त्यांनी मत बदललं. तुमच्या हातात जे बकऱ्याचं हाड आहे त्याच आकाराने हा प्रश्न सुटला.

आणि पुढचं तर आपल्याच देशातलं. जम्मूच्या राजौरी भागात कालाकोट इथे भूवैज्ञानिक ए. रंगा राव ह्यांनी जीवाश्म असलेले खडक गोळा केले आणि 1971 मध्ये एका छोट्या प्राण्याला इंडोह्यूस नाव दिलं. त्यांच्या मागे बरेचसे खडक न फोडलेलेच राहिले, त्यांच्या पत्नीने ते जपून ठेवले आणि शेवटी थेविसनकडे दिले. कवटी साफ करताना कानाचं हाड चुकून तुटलं आणि आत दिसलं की त्या हाडाची एक भिंत खूप जाड आहे, जी खूण तोवर फक्त देवमाशांमध्ये माहीत होती. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं. मोठ्या मांजराएवढा, खूर असलेला, सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा प्राणी, पायाची हाडं पाणघोड्यासारखी जड म्हणजे पाण्यात चालणारा, घोट्याला दोन कप्प्या आणि कान देवमाशाचा. त्या काळी भारत आणि आशियाच्या मधे टेथिस समुद्र होता, त्याच्या काठाकाठाने हे सगळं घडलं, म्हणून कच्छमध्येही प्राचीन देवमाशांचे जीवाश्म मिळतात. कच्छला फिरायला गेलात तर फोटो काढा, जागा लिहून ठेवा, पण उचलून आणू नका आणि विकतही घेऊ नका, जागेवरून हललेल्या जीवाश्माचं अर्धं महत्त्व गेलं.

आपल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी लाव्ह्याचा बेसॉल्ट, त्यामुळे जीवाश्म कमी, पण चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा लक्षात ठेवा. तिथल्या डायनासोरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडले, 2005 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि तोवर डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच असं बहुतेकांना वाटत होतं ते बदलावं लागलं. कालक्रम असा तपासला जातो आणि दुरुस्तही होतो.

टिक्टालिक म्हणजे मासा आणि चार पायांचा प्राणी ह्यांच्या मधला एक जीवाश्म, त्याचं उदाहरण तुम्हाला कदाचित माहीत असेल, पण "चुकू शकलं असतं का" हे समजावायला ते फार चांगलं आहे. चार पायांचे प्राणी सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत दिसतात, त्याच्या बऱ्याच आधी नुसते मासे. मग जीवाश्म तज्ज्ञ नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकाशात शोधलं की सुमारे 37.5 कोटी वर्षं जुने, उथळ गोड्या पाण्यातले, उघडे पडलेले खडक कुठे आहेत, उत्तर आलं कॅनडाचं आर्क्टिक. काही मोसम गेले आणि 2004 मध्ये एल्समिअर बेटावर हवा तो प्राणी मिळाला, खवले आणि कल्ले माशाचे, मान मोकळी, आणि पोहायच्या पुढच्या पराच्या आत एक हाड, मग दोन हाडं, मग मनगट. कोंबडीच्या पंखाची आठवण झाली असेल.

कुठला प्राणी कुठल्या प्रदेशात सापडतो ह्याचं एक उदाहरण देतो आणि डीएनएकडे जातो. केरळच्या पश्चिम घाटात 2003 मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसुइट ह्यांनी एका जांभळ्या बेडकाचं शास्त्रीय वर्णन केलं, नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस, वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली राहणारा. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक भारतात नाहीत, सेशेल्स बेटांवर आहेत. बेडकाला खारं पाणी सोसत नाही, समुद्र पोहून जाणं अवघड. पण सेशेल्स आणि भारत एकेकाळी एकच भूभाग होता आणि साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला हे भूगर्भशास्त्रवाल्यांनी बेडकांकडे न बघता आधीच काढलेलं होतं, म्हणजे जमीन तुटली तसे बेडकांचे पूर्वजही वाटले गेले.

डीएनएसाठी मोबाइलपेक्षा लॅपटॉप बरा. युनिप्रॉट नावाची साइट उघडा, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. सर्चमध्ये सायटोक्रोम सी टाका, इंग्रजीत अर्थातच, आणि माणूस, चिंपांझी, ऱ्हीसस माकड, घोडा, कोंबडी, ट्यूना मासा, यीस्ट अशा एकेक नोंदी निवडत जा. माणसाची नोंद पी99999, चिंपांझीची पी99998, म्हणजे तुम्ही बरोबर जागी आहात. सगळ्यांवर टिक करून अलाइनचं बटण दाबा, थोडं थांबा, अक्षरं एकाखाली एक येतील, एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल, प्रथिनाच्या माळेतला एक मणी. हे प्रथिन पेशीत ऊर्जा तयार करायच्या कामात लागतं, माणसात ते 104 अमिनो आम्लांचं आहे. चिंपांझीशी फरक 0. ऱ्हीसस माकडाशी 1. घोड्याशी 12, कोंबडीशी 13, ट्यूनाशी विसाच्या आसपास, यीस्टशी चाळिसाच्या वर. इथे कुणीतरी म्हणेल की काम सारखं म्हणून प्रथिन सारखं, त्याला सांगा की माणसाचं सायटोक्रोम सी यीस्टमध्ये घातलं तरी चालतं, म्हणजे कामासाठी इतकी सारखी अक्षरं असायची गरजच नव्हती. घोडा 12 आणि कोंबडी 13 बघून मात्र निष्कर्ष काढायची घाई नको, प्रथिन छोटं आहे, एवढ्या तेवढ्या फरकाला अर्थ नसतो, हिमोग्लोबिन घेऊन तेच परत करा आणि मग अजून एखादं घ्या. मजा ह्याचीच आहे की वेगवेगळी प्रथिनं घेतली तरी कोण कुणाचा किती जवळचा हे दाखवणारं नात्यांचं झाड साधारण तेच निघतं, आणि हाडांवरून काढलेलं झाडही तेच होतं.

साम्यापेक्षाही भारी पुरावा म्हणजे सारख्या चुका. परीक्षेत दोन पेपरात बरोबर उत्तरं सारखी आली तर काही नाही, पण त्याच जागी तीच स्पेलिंग मिस्टेक आली की मास्तरांना कळतं. कुत्रा, बकरी, गाय हे क व्हिटॅमिन स्वतःच्या लिव्हरमध्ये तयार करतात, त्यासाठीच्या शेवटच्या टप्प्याचं जीन आपल्यातही आहे, पण मोडलेलं, म्हणून आपल्याला आवळा-लिंबू-पेरू लागतं, नाहीतर स्कर्व्ही. चिंपांझी, गोरिला आणि माकडांतही ते मोडलेलं आहे आणि मोडण्याच्या खुणा आपल्याशी जुळतात. गिनीपिगमध्येही मोडलंय पण वेगळ्या पद्धतीने, आणि उत्क्रांतीप्रमाणे तसंच असायला हवं, कारण गिनीपिग आपल्या शाखेतला नाही.

क्रोमोझोमचं, म्हणजे पेशीत डीएनए ज्या गुंडाळ्यांत असतो त्यांचं, पण सांगतोच. आपल्याला 23 जोड्या, चिंपांझी-गोरिला-ओरांगउटान सगळ्यांना 24. पूर्वज एक असेल तर एक अख्खी जोडी हरवून माणूस जगला नसता, म्हणजे दोन जोडल्या गेल्या असणार, आणि जोड असेल तर क्रोमोझोमच्या टोकाला असणारी विशिष्ट अक्षरं मधेच कुठेतरी तोंडाला तोंड लावून दिसली पाहिजेत. 1991 मध्ये ती दोन नंबरच्या क्रोमोझोमवर बरोब्बर तशी सापडली, शिवाय त्याच क्रोमोझोमवर बंद पडलेल्या दुसऱ्या सेंट्रोमिअरचे (क्रोमोझोमवरची चिमटलेली जागा, एरवी एकाला एकच असते) अवशेषही आहेत. ती नसती तर ह्या थिअरीला उत्तर देणं खरंच कठीण गेलं असतं.

"डोळ्यासमोर घडताना दाखवा" म्हणणाऱ्यांना जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की ह्यांचा प्रयोग सांगा. 24 फेब्रुवारी 1988 ला एकाच ई. कोलाय बॅक्टेरियापासून 12 वेगळ्या वसाहती सुरू केल्या, तो प्रयोग आजही चालू आहे, दर 500 पिढ्यांनी नमुने डीप फ्रीजमध्ये. 31 हजारांहून जास्त पिढ्यांनंतर 12 पैकी एका वसाहतीत ऑक्सिजन असताना सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचं एक रूप) खायची क्षमता आली, जी ई. कोलायला एरवी नसते, आणि जुने गोठवलेले नमुने परत जिवंत करून ती कशी आली तेही तपासता आलं. आणखी जवळचं हवं असेल तर सरकारी दवाखान्यात टीबीसाठी जी सीबीनॅट टेस्ट करतात ती बघा, त्यात टीबीच्या जंतूच्या एका जीनमध्ये रिफॅम्पिसिन औषधाला दाद न देणारे बदल झालेत का तेच तपासतात. गोळ्या अर्धवट सोडल्या की औषधाला दाद न देणारे जंतू मागे उरतात आणि तेच वाढतात, हे समजलेला पेशंट कोर्स पूर्ण करतो, म्हणून हा विषय नुसता अभ्यासाचा आहे असं मला कधीच वाटलं नाही. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेलचा त्रास मोठा आहे, तिथेही हीच निवड आहे: हिमोग्लोबिनच्या जीनमधलं एकच अक्षर बदललेलं, दोन्ही पालकांकडून आलं तर भयंकर आजार, एकाकडून आलं तर जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण, म्हणून मलेरियाच्या प्रदेशात ते अक्षर टिकून राहिलं.

आता ग्रुपवरचे ते दोन मेसेज. "नुसती थिअरी" ला उत्तर: रोग जंतूंमुळे होतात हीसुद्धा थिअरीच आहे, विज्ञानात तपासून तपासून टिकलेल्या स्पष्टीकरणालाच ते म्हणतात. आणि माकडांबद्दल: आजच्या माकडापासून माणूस झाला असं कुणी म्हणतच नाही, आपला आणि चिंपांझीचा पूर्वज एक होता, साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या. चुलतभाऊ हयात असतो म्हणून आजोबा एक नव्हते असं होत नाही. एवढं लिहून बकऱ्याच्या त्या हाडाचा दोन्ही बाजूंनी फोटो टाका, आणि विचारा की देवमाशाच्या घोट्यात हे कसं काय आलं असेल.